एकांताचे ऋण



लखनौ शहराच्या उत्तर भागात विकास नगर ही सेक्टरांमध्ये आखलेली निवासी वसाहत आहे. सकाळची दूधवाल्याची हाक, मुलांच्या शाळेची घाई, कचेरीला निघण्याची वेळ, संध्याकाळची भाजी-खरेदी, असा तेथील कुटुंबांचा दिनक्रम पुण्याच्या किंवा नागपूरच्या कोणत्याही वसाहतीसारखाच असतो. येथून सीतापूरच्या रस्त्याने आणखी उत्तरेकडे गेले असता बक्षी का तालाब हा परिसर लागतो, आणि तेथे ‘धम्म लक्खण’ नावाचे विपश्यना केंद्र आहे. विकास नगरातील एखादा गृहस्थ कपड्यांची पिशवी घेऊन दहा दिवसांसाठी तेथे जावयास निघतो, तेव्हा शेजारीपाजारी एकच प्रश्न विचारतात: तेथे जाऊन काय मिळते?

प्रश्न स्वाभाविक आहे, आणि त्याची उत्तरेही पुष्कळ दिली गेली आहेत. कोणी मनःशांतीचे नाव घेतो, कोणी झोपेचा आणि रक्तदाबाचा हवाला देतो, कोणी मुक्तीची भाषा बोलतो. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र याच्या जोडीचा, पण सहसा न विचारला जाणारा प्रश्न हा आहे. त्या गृहस्थाच्या दहा दिवसांच्या एकांताचा खर्च कोण सोसतो? आणि त्याची परतफेड कशी व्हावी?

हा प्रश्न आजचा नाही. एकांत ही वस्तू मनुष्याला कधीच फुकट मिळालेली नाही. लखनौच्या ईशान्येस श्रावस्ती आहे. साहेत-माहेत या नावाने ओळखले जाणारे तिचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी भ्रमण थांबवून एका ठिकाणी राहावे, हा जो वर्षावासाचा नियम, तोच आपल्याकडील साधना-शिबिराचा एक प्राचीन पूर्वज होय. बुद्धांनी सर्वाधिक वर्षावास श्रावस्तीच्या जेतवनात केले, असे परंपरा सांगते. परंतु हे जेतवन भिक्षूंनी मिळविलेले नव्हते. अनाथपिंडिक नावाच्या श्रेष्ठीने राजपुत्र जेताकडून ते उपवन विकत घेतले. जमिनीवर सुवर्णनाणी अंथरून त्याने तिची किंमत मोजली, अशी कथा आहे, आणि भारहुतच्या स्तूपावरील शिल्पात ती नाणी अंथरणारी माणसे कोरलेलीही आहेत. ध्यानाला बसलेल्या माणसाच्या आसनाखाली अशा रीतीने एका व्यापाऱ्याचे धन आहे. कथेचा ऐतिहासिक भाग किती हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी ती रचणाऱ्या समाजाला आपले मर्म नेमके ठाऊक होते, हे मान्य करावे लागते.

महाराष्ट्रात तर या व्यवहाराचा लेखी हिशेब दगडावर कोरून ठेवलेला आहे. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातील लेणी लोक पांडवलेणी म्हणून ओळखतात. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. त्यांतील दहाव्या क्रमांकाचे लेणे क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने संघाला दिले, आणि त्यासोबत ३,००० कार्षापणांचा कायम निधीही दिला. हा निधी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवण्यात आला: एका श्रेणीकडे २,००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे १,००० कार्षापण, दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नव्हते. उपभोग केवळ व्याजाचा. पहिल्या रकमेचे वार्षिक व्याज २४० कार्षापण होते, आणि त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावेत, असा निर्देश आहे. वीस गुणिले बारा, बरोबर २४०. ज्या लेण्यात जगाकडे पाठ फिरवून बसावयाचे, त्याच्याच भिंतीवर जगाशी असलेला हा आर्थिक संबंध इतक्या काटेकोरपणे नोंदविलेला आहे. भिक्षू मौन पाळीत असेल, तेव्हा खाली गावात विणकराचा माग चालू असे.

हे सूत्र ध्यानात ठेवून आधुनिक काळाकडे वळावे. त्रिरश्मीच्या डोंगरापासून फार दूर नसलेल्या, थळ घाटाच्या माथ्यावरील इगतपुरीला १९७६ मध्ये ‘धम्मगिरि’ या केंद्रात विपश्यना शिबिरे सुरू झाली. या कार्याचे प्रवर्तक सत्यनारायण गोएंका हे संन्यासी नव्हते. १९२४ मध्ये मंडाले येथे जन्मलेले ते मारवाडी कुळातील व्यापारी. तीव्र अर्धशिशीने ते हैराण झाले होते. परदेशातील उपचारांनीही गुण आला नाही. १९५५ मध्ये ते रंगून येथे ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरूही गृहस्थच होते. १९४८ मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल म्हणून त्यांनी देशाचे हिशेब सांभाळले, आणि आपल्या कचेरीतील सहकाऱ्यांनाही ध्यान शिकविले. केवळ डोकेदुखी घालविण्यासाठी यावयाचे असेल तर येऊ नये, असे त्यांनी प्रथम गोएंकांना सांगितले होते. मनाची शुद्धी हा हेतू असावा. व्याधी गेली तर ती आनुषंगिक गोष्ट. ‘काय मिळते’ या प्रश्नाला इतके सरळ उत्तर क्वचितच दिले गेले असेल.

१९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात मुंबईतील एका धर्मशाळेत त्यांचे पहिले शिबिर झाले. पुढे देशोदेशी केंद्रे उभी राहिली. लखनौचे केंद्र हे त्यांपैकीच एक. २०१३ मध्ये गोएंकांचे निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रित सूचना आणि प्रवचने यांच्या आधारे शिबिरे आजही चालतात, आणि त्यामुळे इगतपुरी, लखनौ किंवा परदेश, कोठेही गेले तरी क्रम तोच असतो.

हा क्रम कठोर आहे. पहाटे चार वाजता घंटा होते, साडेचारपासून बैठक. साडेसहाला न्याहारी, अकराला जेवण. सायंकाळी पाचला नव्या साधकाला चहा व फळ किंवा थोडा अल्पोपाहार. पूर्वी शिबिर केलेल्याला केवळ लिंबूपाणी. सातला प्रवचन, आणि साडेनऊला दिवे मालवले जातात. दिवसाकाठी दहा तासांहून अधिक वेळ बसावयाचे. पुस्तक, लेखणी, दूरध्वनी, जपमाळ यांपैकी काहीही जवळ ठेवावयाचे नाही. पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन. त्यात खाणाखुणाही वर्ज्य. आचार्यांना शंका विचारता येते आणि व्यवस्थापकांना अडचण सांगता येते, एवढीच सूट. पहिले तीन दिवस केवळ नैसर्गिक श्वासाकडे लक्ष द्यावयाचे; चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते, म्हणजे शरीरावरील संवेदना जशा आहेत तशा, त्यांच्याविषयी लोभ अथवा द्वेष न धरता, पाहावयास शिकविले जाते. त्यानंतर दिवसातून तीन वेळा एकेक तास हातपाय न हलविता बसण्याचा संकल्प, त्यास अधिष्ठान म्हणतात. गुडघ्यात कळ उठते, पाठ भरून येते, आणि ज्या आठवणी वर्षानुवर्षे तळाशी होत्या त्या वर येतात. अनेकांना दुसऱ्या किंवा सहाव्या दिवशी घरी पळून जावेसे वाटते, हे प्रवचनांतूनही साधकांना मोकळेपणाने सांगितले जाते.

या सर्वाचे शुल्क मात्र काहीही नाही. राहणे, जेवण, शिकवण, कशासाठीही पैसे मागितले जात नाहीत. आणि नियम असा की, ज्याने किमान एक दहा दिवसांचे शिबिर पूर्ण केले आहे, त्याच्याकडूनच दान स्वीकारावे. याचा अर्थ बारकाईने पाहिला पाहिजे. आज जो पंगतीला बसला आहे, त्याच्या ताटातील भात काल येथून उठून गेलेल्या कोणा अनोळखी साधकाने दिलेला आहे. भोजनगृहात वाढणाराही बहुधा जुना साधकच असतो. तो आपली रजा खर्चून, मोबदला न घेता, इतरांच्या मौनासाठी राबतो. उषवदाताच्या व्यवस्थेत विणकरांच्या श्रेणीकडील मुद्दल अक्षय राहून व्याज पुढे वाहत होते; येथे मुद्दल पैशाचे नसून कृतज्ञतेचे आहे, इतकाच फरक. साधक आपले देणे स्वतःकरिता फेडू शकत नाही, ते पुढच्याकरिताच फेडावे लागते. विकत घेतलेल्या वस्तूविषयी माणूस तक्रार करतो. भिक्षेत मिळालेल्या अन्नाविषयी तो नम्र होतो. शुल्क न घेण्याचा हेतू जितका परोपकाराचा, तितकाच साधकाचा अहंकार उतरविण्याचा आहे.

येथवरचा हिशेब केंद्राच्या वहीत सापडतो. परंतु जो खर्च कोणत्याच वहीत नोंदला जात नाही, तो याहून मोठा आहे. विकास नगरातील तो गृहस्थ दहा दिवस मौनात असताना त्याच्या वृद्ध आईचे औषध कोण आणते? मुलाची परीक्षा, गॅसचा सिलिंडर, दारी आलेला पाहुणा, हे सर्व कोण निभावते? बहुतेक घरांत याचे उत्तर ‘त्याची पत्नी’ हेच आहे. त्याच्या मौनाच्या दहा दिवसांत तिला दुप्पट बोलावे लागते. आणि तीच शिबिराला जावयाचे म्हणू लागली, तर घरात विचार सुरू होतो की आता स्वयंपाकाचे कसे! पुरुषाच्या साधनेची वाट घरातून जाते, स्त्रीच्या साधनेची वाट घरापाशी अडते. केंद्रात स्त्रियांची व पुरुषांची व्यवस्था स्वतंत्र पण सारखी असते; ती समता उंबरठ्याच्या आत पोहोचणे हे अद्याप राहिलेले काम आहे.

रोजंदारीवर पोट असणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. शिबिर विनामूल्य असले तरी दहा दिवसांची मजुरी बुडते, ती कोणतीही श्रेणी भरून देत नाही. महाराष्ट्र शासनाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना विपश्यनेसाठी रजेची सवलत देण्याचा निर्णय घेतला होता. तो स्वागतार्हच, परंतु तिचा लाभ ज्याला मुळात रजा आहे त्यालाच. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक हजाराहून अधिक बंदिवानांसाठी शिबिर झाले, त्याचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. तथापि, गरीब माणसाला दहा दिवसांची सलग मोकळीक तुरुंगातच सहज लाभावी, हा विचार मनाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

याच ठिकाणी एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्यांच्या मांडणीत माणसामाणसांतील न्याय्य संबंध हा धम्माचा गाभा ठरला. त्या परंपरेतील अनेकांचे म्हणणे असे की, डोळे मिटून बसल्याने अन्याय मिटत नाही. दुःखाचे मूळ केवळ साधकाच्या मनात शोधले, तर समाजाने लादलेल्या दुःखाचा जाब कोणाला विचारावयाचा? दुसऱ्या बाजूस, त्याच समाजातील पुष्कळ स्त्री-पुरुष आज श्रद्धेने शिबिरांना जातात. या वादाचा निकाल व्याख्यानात लागण्यासारखा नाही. एवढे मात्र म्हणता येईल की, जो साधक आपल्या एकांताचा खर्च कोणी सोसला हे विसरतो, त्याच्या बाबतीत हा आक्षेप संपूर्ण खरा आहे; आणि जो ते विसरत नाही, त्याचे मिटलेले डोळे कधीतरी शेजाऱ्याच्या दुःखाकडे उघडल्यावाचून राहणार नाहीत.

एक सावधगिरीची गोष्टही सांगितली पाहिजे. इतके दीर्घ मौन आणि इतकी दीर्घ बैठक प्रत्येकाला मानवते असे नाही. प्रवेशअर्जात मानसिक आजारांविषयी आणि चालू औषधांविषयी विचारले जाते, ते उगाच नव्हे. ती माहिती लपविणे, किंवा ध्यानाच्या भरवशावर वैद्याने दिलेले औषध परस्पर बंद करणे, हे धैर्य नसून अविचार आहे. घरच्यांनी धाडले म्हणून जाणेही तितकेच व्यर्थ होय.

अकराव्या दिवशी सकाळी शिबिर संपते आणि साधक घरी परततो. त्याचे अनुभव ऐकावयास लोक उत्सुक असतात, आणि सांगण्याचा मोहही मोठा असतो. परंतु प्रकाश दिसला की शरीर हलके झाले, याला परतफेडीच्या दृष्टीने काही किंमत नाही. घरातील माणसाने अप्रिय शब्द उच्चारल्यावर उत्तर देण्यापूर्वी क्षणभर थांबता आले का? जिने दहा दिवस घर पेलले, तिला तसेच दहा दिवस मिळावेत म्हणून स्वयंपाकघराची जबाबदारी अंगावर घेतली का? पुढच्या शिबिरात अनोळखी माणसांना वाढण्यासाठी आपली रजा दिली का? परतफेड याच नाण्यात व्हावयाची असते. साधनेची बैठक केंद्रात होते. तिचा हिशेब घरातच तपासला जातो, आणि तो तपासण्याचा अधिकार साधकाहून त्याच्या घरच्यांना अधिक आहे.