चौघं, चार सायकली आणि विजापूर

आजचा एपिसोड फिरण्यावर आहे आणि थोडासा पैशांवरही. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे इथे लिहून टाकतोय. बोललो तसंच ठेवलंय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत.

तुमच्या फोनमध्ये एक ग्रुप नक्की असेल. कॉलेजचे चार-पाच जण, नावात ‘ट्रिप’ हा शब्द, आणि गेल्या दोन वर्षांत एकही ट्रिप नाही. कोणीतरी व्हिएतनामची लिंक टाकतं. दोघं थम्स-अप देतात. एक जण ‘बघतो’ म्हणतो. आणि एक जण काहीच लिहीत नाही. मग सगळे म्हणतात, ‘यार, तारखा जमत नाहीत.’

माझं म्हणणं असं, की तारखा बहुतेक वेळा जमतात. अडतं ते बजेटवर, आणि ते कोणी बोलत नाही. विशीत सगळ्यांचे खिसे सारखेच रिकामे असतात, त्यामुळे टपरीवर कटिंग घेताना प्रश्न नसतो. अठ्ठाविसाव्या वर्षी एकाचा पगार दुसऱ्याच्या तिप्पट असतो, तिसऱ्याच्या डोक्यावर घराचा हप्ता असतो आणि चौथ्याच्या घरी वडिलांची औषधं असतात. मैत्री तीच असते, पण बिल आलं की टेबलावर शांतता पसरते.

आमच्या ग्रुपवर तीन प्लॅन असेच विरले. मग आमच्यातल्या मास्तरने (तो क्लासमध्ये गणित शिकवतो, म्हणून मास्तर) एक मेसेज टाकला : ‘माणशी चार हजारांच्या आत, दोन रात्री, सायकली घेऊन. कुठे ते तुम्ही सांगा.’ आकडा आधी, ठिकाण नंतर. दहा मिनिटांत चौघांचं ‘हो’ आलं. जो कधीच काही लिहायचा नाही, त्याचंसुद्धा.

ठिकाण ठरलं विजापूर. आता सरकारी नाव विजयपुरा, पण आपल्या तोंडी विजापूरच. पुण्याहून सोलापूर अडीचशे किलोमीटर, तिथून पुढे शंभर. भीमा ओलांडली की कर्नाटक. आपल्यासाठी हे शहर म्हणजे शाळेच्या इतिहासाचं पुस्तक : आदिलशाही दरबार, खलिते, अफझलखान. धड्यातलं शहर प्रत्यक्षात कसं दिसतं, हे आमच्यापैकी कोणीच पाहिलं नव्हतं.

सायकलसाठी विजापूर मस्त, याची कारणं सांगतो. एक, शहर बऱ्यापैकी सपाट आहे. दोन, बघण्यासारखं जवळपास सगळं जुन्या तटाच्या आत किंवा तटाला लागून आहे. पूर्वेला गोल घुमट, पश्चिमेला इब्राहिम रोजा, आणि मधे बाकी सगळं. दिवसभर फिरून पंधरा-वीस किलोमीटर होतात. तीन, इथे सायकलवाल्याकडे कोणी विचित्र नजरेने बघत नाही. विजापूर-बागलकोट पट्ट्यातून कर्नाटकचे कितीतरी राष्ट्रीय पातळीवरचे सायकलपटू आलेत. आमच्या एका मित्राकडे महागडी सायकल आहे, आम्ही त्याला ‘गिअर’ म्हणतो. चहाच्या टपरीवर एका काकांनी त्याच्या सायकलची चेन बघितली आणि सरळ सांगितलं, ‘तेल घाला.’ तेही मराठीत!

सायकली नेल्या कशा? गाडीच्या मागच्या कॅरियरला तीन लावल्या, चौथीची दोन्ही चाकं काढून ती डिकीत टाकली. सोबत हातपंप, पंक्चरचं सामान, दोन ट्यूब, पान्हे आणि चार कुलपं. कुलूप विसरू नका, कारण प्रत्येक वास्तूबाहेर सायकल लावावीच लागते.

आमच्यात एक मैत्रीण आहे. ती सगळ्यांना ओरडते, म्हणून तिला ताई म्हणतो. बारावीनंतर तिने सायकलला हात लावला नव्हता. गिअर रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्याशी जाऊन परत येणारा माणूस. या दोघांना एका रांगेत कसं चालवायचं? मास्तरने नियम केला : ज्याचा वेग सगळ्यात कमी, तो सगळ्यात पुढे. मागच्याने ओव्हरटेक करायचं नाही. पहिल्या अर्ध्या तासात गिअर वैतागला. नंतर मात्र तोच दुकानांच्या पाट्या वाचायला लागला, गल्लीच्या तोंडाशी दिसणाऱ्या कमानी दाखवायला लागला. ताईच्या वेगाने शहर दिसतं, हे त्याचं वाक्य आहे.

आता काय बघितलं ते सांगतो.

गोल घुमट सकाळी लवकर गाठा. शाळेच्या सहली आल्या की आतला निनाद म्हणजे नुसता गोंगाट होतो. ही मुहम्मद आदिलशहाची कबर. त्याची कारकीर्द 1656 पर्यंतची. घुमटाचा बाहेरचा व्यास साधारण 44 मीटर, आणि आत मधोमध एकही खांब नाही. मी सिव्हिलचा नाही, कोड लिहितो, तरी मान वर करून बराच वेळ उभा राहिलो. आठ कमानी एकमेकींना छेदत वर जातात, त्यातून अष्टकोन तयार होतो आणि त्यावर गोल बसतो. घुमट बाहेर पसरू पाहतो, तर त्या आत झुकलेल्या दगडांचं वजन त्याला आत दाबतं. दोन जोर एकमेकांना धरून उभे आहेत, साडेतीनशेहून जास्त वर्षं. याच्या स्थापत्यकाराचं नाव दाभोळचा याकूत असं सांगितलं जातं. दाभोळ म्हणजे आपलं रत्नागिरीतलं! कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याच्या अरुंद जिन्याने वर सज्जात जाता येतं. एका बाजूला भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या बाजूला ऐकू जातं. ताईने तिकडून हळूच ‘भूक लागली’ म्हटलं, आम्हा तिघांना स्पष्ट ऐकू आलं.

तिथून जामा मशीद. तालीकोटच्या 1565 च्या लढाईनंतर पहिल्या अली आदिलशहाच्या काळात ती उभी राहू लागली. आत फरशीवर नमाजासाठी दोन हजारांवर चौकोन आखलेले आहेत. इथे आजही नमाज होते, त्यामुळे अंगभर कपडे घाला आणि आवाज खाली ठेवा. दुपारच्या उन्हात तिथल्या कमानींखालची सावली काय असते, ते सायकलवरून आलेल्यालाच कळतं.

मग बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाची अपूर्ण कबर. गोल घुमटाला मागे टाकायचं मनात होतं म्हणतात, पण 1672 मध्ये तो वारला आणि काम तिथेच थांबलं. छप्पर नाही, नुसत्या दगडी कमानी आकाशाखाली. पुढे चौदा वर्षांत, 1686 मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतलं.

पश्चिमेच्या तटावर मुलूख मैदान तोफ. ही नगरची पोर! अहमदनगरला 1549 मध्ये ओतलेली, वजन सुमारे 55 टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडला जाणारा हत्ती. मधे ती परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून 1632 मध्ये इथे आणली. आम्ही कॅरियरच्या पट्ट्या आवळताना घामाघूम झालो होतो, त्यांनी 55 टन ओढून आणले. जवळच उपळी बुरूज आहे, साधारण 24 मीटर उंच, बाहेरून गोल जिना. वर गेलं की सकाळपासून चालवलेला सगळा रस्ता एका नजरेत दिसतो.

शेवटी इब्राहिम रोजा, संध्याकाळच्या उन्हासाठी राखून ठेवा. दुसरा इब्राहिम आदिलशहा, मृत्यू 1627. हा माणूस धड्यात नीट भेटलाच नव्हता. संगीताचा वेडा. ‘किताब-ए-नौरस’ हे गाण्यांचं पुस्तक त्याने दखनीत लिहिलं आणि त्यात सरस्वतीला वंदन केलं. लोक त्याला जगद्गुरू म्हणत. त्याच्या कबरीच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघताना आम्ही चौघंही फोन खिशात ठेवून उभे होतो.

तिथून परत निघालो तेव्हा अंधार पडत होता. रस्ता मोकळा होता, म्हणून दोन-दोनच्या जोडीने सायकली हळू चालवत होतो. आमच्यातल्या एकाने शेजारच्याला सांगितलं, ‘मार्चपासून घरी आहे. जॉब गेला.’ कोण ते सांगणार नाही. त्याने हा एपिसोड ऐकून परवानगी दिली आहे, तरीही नाही. नऊ महिने तो ग्रुपवर मीम टाकत होता, वाढदिवसाला व्हिडिओ कॉलवर येत होता, आणि सहलीचा विषय निघाला की गप्प होत होता.

नंतर त्याला विचारलं, आत्ताच का सांगितलंस? तो म्हणाला, ‘सायकलवर समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. दोघंही रस्त्याकडे बघत असतो. आणि इथे आल्यापासून मला एकदाही मनात हिशेब करावा लागला नव्हता.’

रात्री खानावळीत जेवलो. तिकडेही खानावळच म्हणतात. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, ताक. त्याने तिथे बाकीच्यांनाही सांगितलं. कोणी भाषण दिलं नाही. गिअरने फक्त विचारलं, ‘रेझ्युमे पाठवतोस का?’ ताईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. बिल आलं, चार भाग झाले, त्यानेही आपला भाग दिला. त्याचा भाग आम्ही भरायचा का, यावर मास्तर आणि मी नंतर बोललो. मास्तर म्हणाला, ‘त्याला परवडेल असं ठरवलंय, मग त्याला देऊ दे की.’ मला हे फार पटलं. मित्राचं बिल भरणं एक-दोनदा ठीक आहे, दरवेळी भरलं तर तो यायचं बंद करतो.

खर्च सांगतो, कारण तुम्ही विचारणारच. डिझेल आणि टोल मिळून 6,300. साध्या लॉजच्या दोन खोल्या, दोन रात्री, 4,800. चौघांचं खाणं-पिणं, तिकिटं धरून, 4,400. एकूण 15,500, म्हणजे माणशी 3,875. वास्तूंची तिकिटं एखाद्या वडापावाच्या आसपास असतात, त्यामुळे तिथे खिसा कापला जात नाही.

जाणार असाल तर थंडीत जा. डिसेंबर-जानेवारी उत्तम, एप्रिल-मे मध्ये त्या उन्हात सायकल काढूच नका. सकाळी सहा ते अकरा आणि दुपारी चारनंतर फिरा, मधे झोपा. पाण्याच्या दोन बाटल्या प्रत्येकाकडे हव्यात. रहदारीत एकामागोमाग चालवा, आणि मागच्या लाल दिव्याला चार्जिंग आहे का ते बघून निघा.

आणि ग्रुपवर पुढचा प्लॅन टाकायचा असेल, तर लिंक टाकण्याआधी एक काम करा. प्रत्येकाला वेगळा मेसेज करून विचारा, ‘तुला किती जमेल?’ ग्रुपवर नाही, वेगळा. जो आकडा सगळ्यात लहान येईल, त्यात बसेल असं ठिकाण शोधा. आकडा कोणाचा होता, ते कोणाला सांगू नका. महाराष्ट्रात आणि आसपास अशी शहरं भरपूर आहेत, सपाट, जुनी, दोन दिवसांत सायकलवर होणारी.

आमचा पुढचा आकडा ठरलाय : तीन हजार. ठिकाण अजून ठरायचंय. तुमच्याकडे नाव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पण चढ फार असेल तर आधीच सांगा, ताई ऐकतेय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर सायकलमध्ये हवा भरून ठेवा!