लसणाचे तीन गड्डे
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात व्यक्त केलेले मनोगत)



गेल्या वर्षी जिन्यात टर्पेंटाइनचा वास येतो अशी तक्रार मीटिंगमध्ये झाली होती. तो आरोपी मीच. आज कबुली देतो.

शाळेत असताना इंटरमीजिएटच्या परीक्षेत स्थिरचित्र काढलं होतं, ते शेवटचं. पुढं नोकरी, बदल्या, संसार. निवृत्तीनंतर ठरवलं, तैलरंग शिकायचे. शिकवणार कोण? मग जुनाच मार्ग धरला : नक्कल. त्यात कमीपणा नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही (स्थापना 1857) विद्यार्थी ग्रीक पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून हात बसवायचे.

मी निवडलं शार्दां या फ्रेंच चित्रकाराचं 1761च्या सुमाराचं एक चित्र. पाण्याचा ग्लास, कॉफीचं गडद भांडं आणि लसणाचे तीन गड्डे. बस्स. राजवाडा नाही की देवदेवता नाहीत. आपल्या ओट्यावरच्याच वस्तू. मूळ चित्र अमेरिकेत पिट्सबर्गच्या संग्रहालयात आहे, जेमतेम 32 बाय 41 सेंटिमीटरचं. मुलीनं त्याची प्रिंट काढून दिली. तिच्यावर चौकटी आखल्या, तशाच कॅनव्हासवर आखल्या.

तैलरंगाचा पहिला नियम असा : खालचा थर टर्पेंटाइननं पातळ केलेला, वरच्या थरांत तेल वाढत जायचं. उलटं केलं तर पुढं भेगा पडतात. तेल म्हणजे जवसाचं, आपण ज्याची चटणी करतो तेच जवस. ते पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून एकेक थर चांगला वाळेपर्यंत थांबावं लागतं. आणि सेक्रेटरीसाहेब, त्या तेलाची फडकी चुरगळून ठेवली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मी ती पाण्यात भिजवून, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. काळजी नसावी.

पहिल्यांदा माझ्या ग्लासात पाणी नव्हतं, दूध होतं! पाणी रंगवायचं म्हणून पांढरा फासत होतो. मग प्रिंट नीट बघितली, तर ग्लासात रंग होता तो मागच्या भिंतीचाच, जरा सरकलेला. पांढरा फक्त एक-दोन ठिपके. महिनाभर मी डोळ्यांऐवजी समजुतीनं रंगवत होतो.

पुढची गोष्ट मात्र समजुतीची नव्हती. शेजारची सात वर्षांची नात आली आणि म्हणाली, "आजोबा, लसूण पिवळा का केला?" मी प्रिंट आणि कॅनव्हास शेजारी धरले. मला दोन्ही सारखेच दिसत होते. पोरीला काय कळतंय म्हणून सोडून दिलं. पण रात्री झोप येईना. दुसऱ्या दिवशी हिला विचारलं. ही म्हणाली, "हळद लावल्यासारखा दिसतोय. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

डोळे तपासले. दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. त्यानं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, मग पांढऱ्या-पिवळ्यातला फरक कळेनासा होतो. हे इतकं हळूहळू होतं की आपल्याला पत्ता लागत नाही. आणि तोवर मी रात्री पुण्याहून नगरला स्वतः गाडी चालवत येत होतो!

दोन्ही ऑपरेशनं झाली. पट्टी निघाल्यावर कॅनव्हाससमोर उभा राहिलो आणि स्वतःलाच हसलो. दोन गड्डे परत रंगवले. तिसरा पिवळाच ठेवलाय. तो बाहेर टेबलावर आपण बघालच. खाली 'शार्दांच्या चित्रावरून' असं लिहून मग माझं नाव घातलंय.

साठीच्या पुढच्या मंडळींना एवढीच विनंती, वर्षातून एकदा डोळे दाखवा. आणि लहान मूल काही म्हणालं तर रात्रीपर्यंत थांबू नका.

आता ओट्यावर आमच्याच घरातला तांब्या आणि लसूण मांडलाय. वास आला तर सांभाळून घ्या.