कोणाची खूण आहे अंगावर?

वाचणाऱ्या मायबापहो, आजचा विषय तुमच्याच गोठ्यातला आहे. साक्री-पिंपळनेरकडची तुम्ही मंडळी गुराढोरांची. रानात मोकळी गाय दिसली की आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो? ‘हाई गाय कोनी शे?’ गाय केवढ्याची, दूध किती देते, हे मागाहून. आधी धनी कोण ते सांगा!

आणि हा प्रश्न आजकालचा नाही. पाणिनी महाराज एवढे मोठे व्याकरणकार, पण त्यांच्या सूत्रात जनावरांच्या कानावरच्या खुणांची यादी आहे. कोणाची खूण स्वस्तिक, कोणाची स्रुवा म्हणजे यज्ञातली पळी, कोणाच्या गाईचा कान चिरलेला, कोणाच्या गाईच्या कानाला भोक. कौटिल्याने अर्थशास्त्रात गोऽध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमला. वासरू महिना-दोन महिन्यांचं झालं की त्याला डाग द्यायचा, आणि डाग, अंगावरची जन्मखूण, रंग, दोन शिंगांतलं अंतर, सगळं वहीत लिहायचं.

आता काळ बदलला. तापलेलं लोखंड गेलं, कानात पिवळा बिल्ला आला. त्यावर 12 आकडे. 1 जून 2024 पासून आपल्या राज्यात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री नाही. जनावर विकलं की धन्याचं नाव बदलायचं. म्हणजे माउली, वस्तू बदलली, प्रश्न तोच राहिला. कोनी शे?

आता ऐका. दुर्योधन एकदा खुणा करायलाच निघाला होता. महाभारतात वनपर्वात घोषयात्रेची कथा आहे. पांडव वनवासात, द्वैतवनात. कर्ण आणि शकुनी दुर्योधनाला म्हणाले, तुझं वैभव त्यांना दाखव, त्यांचा जीव जळेल. पण धृतराष्ट्राला काय सांगायचं? मग सबब काढली. म्हणे आपले गोठे त्याच बाजूला आहेत, गाई मोजायच्या आहेत, वासरांवर खुणा करायच्या आहेत. गेला. गाई मोजल्या, वासरांवर खुणा केल्या. काम खरं, पण मन खोटं!

पुढे तळ्याकाठी चित्रसेन गंधर्वाशी गाठ पडली. लढाई झाली. कर्ण रणातून पळाला. वासरांवर खुणा करायला आलेला दुर्योधन स्वतःच दावणीच्या ढोरासारखा बांधला गेला. आता याला सोडवायला कोण येणार? ज्यांना जाळायला आला होता, तेच आले. भीम म्हणाला, बरं झालं, आपलं काम परस्पर झालं. पण धर्मराजाने सांगितलं, घरात भांडण आहे, पण परक्याने हात घातला तर तो आपलाच आहे. जा, सोडवून आणा. आणि आणला सोडवून.

हे मनात धरा. आपल्याकडे कोंडवाडा असतो. इंग्रजांनी 1871 साली त्याचा कायदा केला. मोकाट जनावर कोंडवाड्यात गेलं की ते स्वतः सुटत नाही. कितीही हंबरू द्या, शिंगं आपटू द्या! धनी यावा लागतो. त्याने ‘हे माझं’ म्हणावं लागतं, दंड आणि चाऱ्याचे पैसे भरावे लागतात, तेव्हा दार उघडतं. म्हणजे खूण कशासाठी? नुसतं मिरवायला नाही. अडचणीच्या वेळी कोणीतरी येऊन ‘हे माझं’ म्हणावं, यासाठी.

मग तुमच्या-माझ्या अंगावर खूण कोणाची? माध्व संप्रदायात आषाढी एकादशीला तप्तमुद्रा घेतात, तापवलेल्या शंखचक्राचा ठसा अंगावर. आपल्या वारकऱ्याची खूण थंड आहे. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी गोपीचंदन आणि बुक्का. माळ पाहिली की जगाने समजायचं, हा पंढरीनाथाच्या कळपातला. यमाच्या कोंडवाड्याच्या दारात तो विटेवरचा येईल आणि म्हणेल, माझा आहे, सोडा!

पण माउली, एक कडू बोलतो, रागावू नका. माळ घातलेलं जनावर शेजाऱ्याच्या पिकात शिरलं, तर लोक जनावराला नाव ठेवत नाहीत, धन्याला ठेवतात. आपण बांध कोरला, भावाचा हिस्सा दाबला, तर बोट कोणाकडे जातं? विठोबाकडे.

दुसरं. खूण धन्यालाही बांधते. बिल्ला आहे तोवर गाय तुमची, मग ती दूध देवो की भाकड होवो. दूध आटलं, बैल थकला, की रात्री कानातला बिल्ला कापून रस्त्यावर सोडून देणारे आहेत. पोळ्याला ज्याची शिंगं रंगवली, ज्याच्यापुढे पुरणपोळी ठेवली, त्यालाच बेवारस करायचं? दुष्काळ खरा आहे, कडब्याचा भाव खरा आहे, हे मला ठाऊक आहे. एकट्याला झेपत नसेल तर चार घरांनी मिळून सांभाळा, गावाला हाक मारा. पण कान कापू नका. कारण तुम्ही म्हातारे व्हाल, हात थकतील, नामही नीट येणार नाही. त्या दिवशी पांडुरंगाने तुमची माळ तोडून ‘हा माझा नव्हे’ म्हटलं, तर कोणाच्या दारात हंबराल?

तो तसं म्हणत नाही. भाकडालाही सोडत नाही, म्हणून तो धनी. त्याची खूण अंगावर आहे, तर त्याच्यासारखं थोडं वागा. आज घरी गेल्यावर आधी गोठ्यात जा, थकल्या जनावराच्या पाठीवर हात फिरवा, मग देवापुढे दिवा लावा.

बोला पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!