पूर्वज्ञान आणि स्मरण



‘ह्या मुलाच्या काही लक्षात राहत नाही’ असा शेरा देण्यापूर्वी थोडे थांबावे. मिशेलिन ची ह्या संशोधिकेचा एक प्रयोग १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. बुद्धिबळात तरबेज असलेल्या मुलांना पटावरील मोहऱ्यांची मांडणी प्रौढांपेक्षा अधिक आठवली. अंकांची रांग मात्र प्रौढांनाच अधिक आठवली. मुले तीच; भेद होता तो पूर्वज्ञानाचा.

शेळ्या राखणारा मुलगा प्रत्येक शेळीची खूण बिनचूक सांगतो, पण नद्यांची नावे विसरतो, ह्याचे कारण हेच. म्हणून नद्यांचा पाठ त्याच्या परिचयाच्या ओढ्यापासून आरंभावा. ओढा कोणत्या नदीस मिळतो, ती पुढे कोठे जाते, हे त्यालाच विचारावे. नव्या ज्ञानास जुन्याचा आधार हवा. तो न शोधता मुलास मंद ठरविणे हा अन्याय होय.