अंगणातली कुत्री आणि गाडीभाडं



2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम म्हणतात, भटक्या कुत्र्याची नसबंदी नगरपालिका किंवा पंचायतीनं करायची, पाळीवची मालकानं. आता देवरी-सालेकसाकडं दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाणारी बाई घ्या. तिच्या अंगणातली कुत्री पाळीव, म्हणजे खर्च तिचा. ऑपरेशनचे पैसे तर आहेतच, वर गाडीभाडं, बुडालेली मजुरी, आणि नंतर आठ-दहा दिवस टाके चाटू न देणं. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय शंभरावर किलोमीटर. मग राहूनच जातं. कुत्री साधारण 63 दिवसांत विते, पिल्लं रस्त्यावर जातात, आणि झाली की भटकी! जो खर्च एका कुत्रीचा होता, तो आता पाच-सहांचा, आणि पंचायतीच्या माथी.

आम्ही इंजिनिअर लोक लगेच ॲप काढतो. इथं ॲप नको, पिकअप पाहिजे. मदत करायचीच असेल तर आधी डॉक्टरांकडून तारीख घ्या, चार-पाच घरच्या कुत्र्या एकाच फेरीत न्या, भाडं आणि त्या दिवसाची मजुरी तुम्ही भरा. आणि हो, तारीख रोवणीच्या दिवसांत घेऊ नका. कुणीच येणार नाही.