पदार्थविज्ञानाचे उच्च शिक्षण आणि आपण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. या विषयावर मी बोलावे, हे काहींस धार्ष्ट्य वाटेल. परंतु मुलगा वा मुलगी पदार्थविज्ञान घेऊ म्हणाली की आईबाप सल्ल्यास माझ्याकडे येतात, आणि "इंजिनिअरिंग सोडून हे कशाला?" हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो.

पदवीच्या अखेरच्या वर्षांत यामिकी, विद्युतचुंबकत्व, पुंजयामिकी असे कठीण विषय येतात. तरीही तेथील उदाहरणांची उत्तरे गुरुजींना ठाऊक असतात. संशोधनात ती कोणासच ठाऊक नसतात. विद्यार्थिदशेतच या दुसऱ्या प्रांतात पाऊल टाकता येते काय?

१९२८ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर हा विद्यार्थी शिकत होता. वडील रेल्वेच्या हिशेब खात्यात अधिकारी, मुलाने आय.सी.एस. व्हावे ही त्यांची इच्छा. (आपल्यापैकी कोणाची नसती?) त्या वर्षी जर्मन शास्त्रज्ञ झोमरफेल्ड मद्रासला आले. त्यांचा ग्रंथ या मुलाने स्वतःच अभ्यासिला होता. तो धीटपणे त्यांच्या भेटीस गेला. तू शिकलास ते आता जुने झाले, असे झोमरफेल्ड यांनी त्यास सांगितले आणि धातूंतील इलेक्ट्रॉनांविषयीच्या आपल्या अप्रकाशित लेखाची मुद्रिते त्याच्या हाती दिली. ती अभ्यासून त्याने लिहिलेला निबंध १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. पदवी मिळावयास अद्याप अवकाश होता!

१९३० साली केंब्रिजची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा आई अंथरुणास खिळलेली. तिनेच त्यास जाण्याचा आग्रह केला. पुढल्या वर्षी ती वारली, मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. त्याच बोटीच्या प्रवासात त्याने श्वेतबटू ताऱ्यांच्या वस्तुमानमर्यादेचे गणित मांडले. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानतात. नोबेल पारितोषिक १९८३ साली मिळाले. त्यात त्या माउलीचा वाटा मला फार मोठा वाटतो.

आज अशा योगायोगाची वाट पाहावी लागत नाही. २००६ साली पुण्यात स्थापन झालेल्या आयसर संस्थेच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात अखेरचे वर्ष संशोधनाचे असते. २०२० च्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीतही चौथ्या वर्षी संशोधन करता येते. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. शिवाय उन्हाळ्याच्या सुटीत संशोधनसंस्था विद्यार्थ्यांस कामास घेतात.

अडचण पुढेच आहे. गेल्या उन्हाळ्यात आपल्यातील एका मुलीस असे काम मिळाले. परंतु पुण्यात दोन महिने राहावयाचे कोठे, या एका प्रश्नापायी ते सुटले. आपला शिक्षणनिधी डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्यांस कर्ज देतो. शुद्ध शास्त्राच्या विद्यार्थ्यास देत नाही, कारण परतफेडीचा भरवसा नाही. हा हिशेब मला तोकडा वाटतो. तो नियम बदलावा, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. तोवर पुण्या-मुंबईत ज्यांच्या घरी एखादी खोली रिकामी असेल, त्यांनी आपले नाव आजच चिटणिसांकडे द्यावे, ही विनंती.