हिशेब कोणाला कळतो?

भंडारा जिल्ह्यात पाऊस लागला की धानाची रोवणी सुरू होते. कोणत्या बांधीला किती पऱ्हे, किती बाया, मजुरी किती, सारं घरच्या बाईला तोंडपाठ. तीच सरपंच झाली की ऐकू येतं, ‘बाईला कारभार काय कळणार?’ कुठे कुठे तर बोलतो नवरा, आणि ती चेकवर सही करते, तीही त्यानं बोट ठेवलेल्या जागी.

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. तरी जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंचबाईंना पदावरून काढलं गेलं. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं. बाई सरपंच झाली हेच गावकऱ्यांना पचलं नाही, असंही नोंदवलं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो.

येत्या ग्रामसभेत प्रश्न सरपंचबाईंनाच विचारा.